पॉइंट टू-टू: कुठला लॉट या बॅरलचा?

परदेशातले सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसात पेटणारा भाग बुडाच्या मध्यावर असतो) घरी बसून काडतुसं भरतात. पावडर ग्रेनच्या (बारूद तोलायचं बारीक माप) दशांशापर्यंत तोलतात, बुलेट किती खोल बसवायची यावर महिने घालवतात. आपल्याला तो खेळ बंद. परवान्याशिवाय काडतूस बनवणं आर्म्स ॲक्टमध्ये बसत नाही हे एक, आणि आपलं पॉइंट टू-टू (.22) काडतूस रिमफायर, ते मुळात पुन्हा भरताच येत नाही. पेटणारं मिश्रण केसच्या कडेत असतं, पिनने ती कड चेपली की केस संपली. म्हणजे आपल्या हातात उरतं ते आपल्या नळीला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्याच्या एकाच खेपेतली काडतुसं, निवडणं. थंडीत तेच काम काढलं होतं, त्याची ही नोंद.

रायफल अनशुट्झ 1913, अंतर 50 मीटर. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेला क्लॅम्प टेबलाला बोल्टने आवळला. स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) लावून प्रोनमध्ये (पोटावर झोपून) टेस्ट केली तर चूक कुणाची, खांद्याची की गोळीची, हे कळत नाही. चार लॉट होते: अ, ब, क, ड. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. याच कंपनीचा पुढचा लॉट अगदी उलटा वागू शकतो, आणि नाव वाचून कुणी पेट्या मागवल्या तर शिव्या मला.

आधी गणित, कारण निकाल त्यावरच वाचायचा आहे. 50 मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळी 5.6 ची, आणि मोजतात भोकाच्या कडेवरून. त्यामुळे गोळीचं केंद्र मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत असलं की दहा, आणि दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 597 मारून विश्वविजेतेपद घेतलं तेव्हा दहा म्हणजे दहा होते. आता प्रोन दशांशावर चालतं, 10.1 आणि 10.7 यांत जमीन-अस्मानाचा फरक. लॉटची किंमत तिथे वाढली.

दुसरं गणित वेगाचं. मॅच गोळी साधारण 325 मीटर प्रतिसेकंदाने निघते, आवाजाच्या वेगाखाली मुद्दाम ठेवलेली. 50 मीटरला पोचेपर्यंत ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. त्यामुळे दोन गोळ्यांच्या वेगात 5 मीटर प्रतिसेकंदाचा फरक असला तर कागदावर वर-खाली जवळजवळ 4 मिलिमीटर, म्हणजे पाच दशांश. 100 मीटरला तोच फरक दीड सेंटिमीटर होतो. इले कंपनीच्या पेटीवर लॉटचा वेग छापलेला असतो आणि आपल्यातले कित्येक जण ठराविक आकडा शोधत फिरतात. तो आकडा सरासरीचा. लॉटच्या आत गोळ्या किती मागेपुढे पळतात ते पेटी सांगत नाही.

आता निकाल. लॉट ब बाद: दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप (टार्गेटवरचे पुंजके) 19 मिलिमीटरपर्यंत पसरले. गंमत म्हणजे शेजारच्या लेनवरच्या मित्राच्या वॉल्थर रायफलमध्ये हाच लॉट सोन्यासारखा चालतो. ड ठीकठाक, सरावापुरता. खरी लढत अ आणि क मध्ये. क चा सगळ्यात छान ग्रुप 9 मिलिमीटरचा, क्लबात दाखवत फिरावं असा. पण इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरचे सगळ्या ग्रुपचे बिंदू एकावर एक टाकले तेव्हा क च्या प्रत्येक ग्रुपमध्ये एखादी गोळी खाली घसरलेली दिसली, आणि आडवं विखुरणं जवळपास नाही. ही वेगाचीच खूण, वारा असता तर आडवं गेलं असतं. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफनेही तेच दाखवलं. अ चे ग्रुप 12-13 चे, गोल, कंटाळवाणे. सरासरी त्रिज्या (ग्रुपच्या मध्यापासून गोळ्यांचं सरासरी अंतर) दोघांची जवळपास सारखी, पण मी अ घेतला. मॅचमध्ये साठ गोळ्या मोजतात, त्यातली घसरलेली नेमकी कधी येईल सांगता येत नाही.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका, हे पुन्हा सांगतो. पाचमध्ये कुठलाही लॉट देखणा दिसतो.

लॉट बदलताना पहिल्या वीसेक गोळ्या मोजायच्याच नाहीत. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं, नळीत आधीच्या मेणाचा थर असेपर्यंत नवा लॉट भरकटतो. दोन लॉटच्या मध्ये नळी घासूनपुसून काढणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण मग स्वच्छ नळी बसायला आणखी गोळ्या जातात. आणि कडेची जाडी मोजून काडतुसं वेगळी करणाऱ्यांनी रागावू नये, पण मॅच-ग्रेडमध्ये त्या कामाचा मला कधी फायदा दिसला नाही. तो वेळ ड्राय फायरला, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर ओढायच्या सरावाला, द्यावा.

सगळी टेस्ट सकाळी, वाऱ्याच्या झेंड्या लोंबत असताना. पेटी उन्हात ठेवली नाही. गोळी तापली की वेग वाढतो, मग लॉटऐवजी ऊनच मोजलं जातं. याच कारणाने हा निकाल अर्धाच आहे. डिसेंबरच्या पुण्यात गोल दिसणारा अ मे महिन्यात कसा वागतो ते बघायचंय. त्यासाठी त्याच्या दोन पेट्या बाजूला ठेवल्यात, आणि याच नंबरचा उरलेला माल मिळेल का ते असोसिएशनकडे विचारलंय. तोवर स्लिंग लावून प्रोनमध्ये अ आणि क पुन्हा समोरासमोर. ड सरावाला फुंकायचा.