उपाशीपोटी शुगर वाढते ती कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडला की बरेच जण हेच विचारतात: रात्री आठला जेवलो, नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग सकाळची फास्टिंग शुगर १५० कशी? मशीन बिघडलंय का?

मशीन बहुधा ठीक असतं. ती साखर यकृताने सोडलेली असते.

निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तात मिळून ४-५ ग्रॅम, म्हणजे चमचाभरच साखर असते. आपण झोपलो तरी मेंदूला ती लागतेच. तेवढी तासाभरात संपून जाईल, म्हणून यकृत रात्रभर आपल्या साठ्यातली थोडी थोडी रक्तात सोडतं आणि नवीन बनवतंही. त्याला आवरायचं काम इन्सुलिनचं. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन सगळ्यात आधी यकृतातच पोचतं, ते काही उगीच नाही. साखर आत जावी म्हणून पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली, एवढीच त्याची ओळख सगळीकडे करून देतात. खोटं नाही ते, पण त्यात यकृत राहूनच जातं आणि हा सकाळचा आकडा कोडं होऊन बसतो.

टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. स्नायूही दाद देत नाहीत. यकृतात, स्नायूंत, पोटाच्या आत साठलेली चरबी हे त्यामागचं मोठं कारण, आणि ती बारीक दिसणाऱ्यांतही असू शकते. आनुवंशिकता आहेच. सुरुवातीला स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, जास्त इन्सुलिन बनवून वेळ निभावतात. अशी कित्येक वर्षं जातात, रिपोर्ट नॉर्मल येत राहतो आणि सगळे निर्धास्त. (या काळात रक्तातलं इन्सुलिन कमी नव्हे, उलट जास्त असतं.) पुढे या पेशी थकतात तेव्हा कुठे साखर चढलेली दिसते. त्यात पहाटे कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृताला आणखी जोर चढतो.

टाइप १ ची गोष्ट निराळी. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते, त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं, त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत.

तेव्हा सकाळच्या आकड्यासाठी रात्रीच्या पोळीला बोल लावण्याआधी आपली गोळी बघा. टाइप २ मध्ये बहुतेकांना आधी मेटफॉर्मिन दिलेली असते. तिचा मुख्य रोख यकृतावरच असतो.