वटपौर्णिमेला चंद्र उगवत नाही त्या गावात

माझी मावसबहीण, आमची ताई, मूळची साताऱ्याची, आता किरुनाला असते. स्वीडनच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर दीडेकशे किलोमीटर, सतरा-अठरा हजार वस्तीचं लोखंडाच्या खाणीचं गाव. दाजी खाणीत इंजिनिअर आहेत. मी स्टॉकहोमला नोकरीला आलो आणि एका वर्षात तीनदा त्यांच्याकडे जाऊन पडलो. रात्रीची गाडी पकडायची, झोपायचं, उठून पोहे खायला ताईच्या दारात.

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न एकच, "थंडी किती गं तिकडं?" ताई आता कंटाळलीय. "थंडीचं काही नाही रे," ती मला म्हणाली, "थंडीला कपडे मिळतात. दिवेलागण कधी करायची ते सांग."

पहिल्यांदा गेलो ते डिसेंबर 2024 मध्ये. स्टेशनवर उतरून पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस काटक्यांसारखे कडक झाले. उणे अठरा-वीस असेल. दाजींनी गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर काढून गुंडाळली. निघण्याआधी इंजिन विजेवर गरम करावं लागतं, म्हणून पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीला प्लगचा खांब. रस्त्यावर एक आजी ढकलत्या घसरगाडीवर किराणा ठेवून माझ्या दुप्पट वेगानं गेल्या. मी आपला पेंग्विनसारखा.

डिसेंबरात साधारण तीन आठवडे इथं सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. म्हणून मिट्ट काळोख असेल असं मला वाटलं होतं. तसं नसतं. दुपारच्या आगेमागे काही तास निळसर, दक्षिणेकडे गुलाबी असा उजेड असतो, म्हणजे आपल्या तिन्हीसांजाच, फक्त भरदुपारी. खिडकीखिडकीत कागदी तारे आणि सात दिव्यांची कमान. ताईचं देवघरही खिडकीतच, त्यामुळे तिचं निरांजन त्या रांगेत शोभून जातं.

मुक्कामात दत्तजयंती आली. सुंठवडा खाऊन दुपारी बाराला बाहेर पडलो तर उत्तरेला, डोंगराला टेकलेला पूर्ण चंद्र! मला वाटलं उगवतोय. दाजी हसले, "उगवतोय कुठला पाव्हणं, मावळलाच नाही. आज नुसता गोल फिरणार." हिशोब सोपा आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो. हिवाळ्यात सूर्य क्षितिजाखाली राहतो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र वर अडकतो, आणि उन्हाळ्यात उलट. म्हणजे वटपौर्णिमेला इथं चंद्र उगवतच नाही. वडही नाही म्हणा.

आता थंडीचंही सांगतो, नाहीतर सातारकर सोडायचे नाहीत. जानेवारीची सरासरी उणे 13 च्या आसपास. ऐकायला भयंकर, पण साधारण याच अक्षांशावर सैबेरियातलं वेर्खोयान्स्क आहे, तिथं हाच आकडा उणे 45 च्या घरात जातो. किरुनाला वाचवतो अटलांटिकचा ऊबदार प्रवाह. इथलं लोखंड 1902 पासून रेल्वेनं नॉर्वेतल्या नार्विक बंदरात जातं, ते त्याचमुळे. तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. पण समुद्रावरून येणारा पाऊस नॉर्वेचे डोंगर अडवतात, आणि डोंगराच्या अलीकडचं आबिस्को गाव कोरडं राहतं, वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव टँकरची वाट बघतं, तेच हे. आबिस्कोत आकाश मोकळं असतं, म्हणून ध्रुवप्रकाश बघणारे तिकडे धावतात. आम्हीही गेलो. ढग होते.

ताईची खरी तक्रार थंडीपेक्षा नव्या गावाची आहे. खाण गावाखाली शिरत चालल्यामुळे गावाचा मोठा भागच साधारण तीन किलोमीटर पूर्वेला हलवताहेत. नवं केंद्र 2022 मध्ये सुरू झालं. 1912 चं लाल लाकडी चर्च ऑगस्ट 2025 मध्ये अख्खंच्या अख्खं, 672 टन, चाकांवर ठेवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. पण 1900 साली ज्यांनी हे गाव वसवलं त्यांनी ते मुद्दाम डोंगराच्या उतारावर वसवलं होतं आणि रस्ते वळणावळणाचे ठेवले होते. वारा थेट घुसत नाही, आणि गार जड हवा रात्री खाली घरंगळून जाते. नवी जागा नेमकी सखल. गार हवा तिथं येऊन बसते, सरळ रस्त्यांवरून वारा धावतो, उंच इमारती आधीच कमी असलेलं ऊन अडवतात. गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनीही म्हटलंय की कडाक्याच्या दिवसांत नवं केंद्र 10 अंशांपर्यंत जास्त गार पडू शकतं. ताईला त्यासाठी संशोधक लागले नाहीत. "जुन्या घरी दूध आणायला स्वेटरवर जायचे मी," ती म्हणते. त्यातला थोडा भाग माहेरच्या आठवणींसारखा सोडून द्यायचा.

कुणी मला विचारलं कधी जाऊ, तर मी एप्रिल सांगेन. सगळे डिसेंबरातच यायला का मरतात कळत नाही. एप्रिलला इथले लोक वसंत म्हणत नाहीत आणि हिवाळाही म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'व्होरविंतर', वसंत-हिवाळा. इथले मूळ रहिवासी सामी लोक तर वर्षाचे आठ ऋतू मानतात, रेनडियरच्या वेळापत्रकावर बेतलेले. बर्फ मांडीपर्यंत आणि वर पंधरा तास ऊन. लोक दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून, खाली रेनडियरचं कातडं घालून कॉफी पीत बसतात. दोन दिवसांत माझं तोंड रापलं, तेही शून्याखाली.

याच दिवसांत बर्फावर 'स्कारे' तयार होतो. दुपारी वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी त्या कवचावरून कुठंही चालत जाता येतं, तळ्यावरून, झुडपांवरून. दाजींनी बजावलं होतं, "अकराच्या आत परत या." मी साडेबाराला निघालो. तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत आत. एक पाय काढला की दुसरा जायचा. शेवटी पोटावर सरपटत रस्ता गाठला, आणि एक लहान मुलगी स्लेज थांबवून शांतपणे बघत होती. आपल्याला गंमत, पण भर हिवाळ्यात पाऊस पडून असंच कवच झालं की रेनडियरला खालचं दगडफूल उकरता येत नाही, कळप उपाशी राहतात. असे पाऊस आता वाढलेत.

सप्टेंबर मी फक्त ताईच्या फोटोंत बघितलाय. बर्चची पानं आठ-दहा दिवस हळदीसारखी पिवळी, मग वारा, मग ऑक्टोबरात बर्फ.

जुलै 2025 मध्ये गेलो तेव्हा उत्तरेत उष्णतेची लाट होती. घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा कुणाकडेच नाही, आणि मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे गारव्याची वाट तरी कधी बघायची? खिडकी उघडली की डास. वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, आपल्या दुष्काळी तालुक्यांइतका, पण आठ महिने गोठून राहिलेलं पाणी एकदम सुटतं आणि जिथल्या तिथं साचतं. शेजारी रात्री साडेदहाला कुंपण रंगवत होता.

दिवेलागणीचं ताईनं ठरवून टाकलंय. बारा महिने घड्याळात सात.

डिसेंबरात मी तिच्यासाठी साताऱ्याहून आलेली खोबरेल तेलाची बाटली नेली होती. ती तेव्हापासून पांढरीफटक गोठलेली. तेल हवं असलं की बाटली हीटरवर ठेवायची, नाहीतर चमच्याच्या दांड्यानं कोरायचं. जुलैतल्या त्या उकाड्यात एका रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून हाक आली, "अरे, हे बघ!" बाटली खिडकीतल्या उन्हात धरून ती हलवत होती. आत तेल डुचमळत होतं. मग तिनं बाल्कनीत खुर्ची टाकली, केस सोडले आणि बाटली माझ्या हातात दिली.