पर्वरीच्या मैदानावर एकोणीस वर्षांखालील सामना पाहायला जाताना

गेल्या डिसेंबरात आमच्या डिचोलीच्या सराव वर्गातील अकरा मुलांना घेऊन मी पर्वरीला गोवा क्रिकेट संघटनेच्या अकादमी मैदानावर गेलो होतो. तेथे कूचबिहार करंडकाचा, म्हणजे एकोणीस वर्षांखालील मुलांचा चार दिवसांचा सामना चालू होता आणि आम्ही त्याचा दुसरा दिवस पाहिला.

जाण्याचे निमित्त एका मुलाचा प्रश्न ठरला. २०२६ च्या युवा, म्हणजे एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील १६ जागांपैकी ५ जागा विभागीय पात्रता स्पर्धांतून भरल्या गेल्या. आशियातून अफगाणिस्तान, आफ्रिकेतून टांझानिया, युरोपातून स्कॉटलंड, अमेरिका खंडातून अमेरिका आणि पूर्व आशिया-पॅसिफिक विभागातून जपान हे संघ आले. हे वाचून त्याने विचारले, "सर, मग आपली पात्रता स्पर्धा कुठे होते?" भारताला थेट प्रवेश असल्यामुळे आपल्या संघाला अशी स्पर्धा खेळावी लागत नाही, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. आशियाच्या एका जागेसाठी नेपाळच्या मुलांना अख्खा संघ म्हणून झगडावे लागते; आपल्याकडे तीच चाळण देशाच्या आत, एकेका मुलावर लागते. गोव्याच्या मुलाला त्या चाळणीपर्यंत नेणाऱ्या मुख्य वाटा दोन आहेत, एक पन्नास षटकांचा विनू मांकड करंडक आणि दुसरा हा कूचबिहार करंडक. त्यातही २०१६ पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमानुसार एका खेळाडूला एकच युवा विश्वचषक खेळता येतो, म्हणून त्या वयातील प्रत्येक मोसम मोलाचा असतो. मुलांनी हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे, असे मला वाटले.

आमची पहिली चूक वेळेची झाली. डिचोलीहून म्हापसा आणि तेथून पणजीची बस, असा बेत होता. परंतु पर्वरीत उड्डाणमार्गाचे काम चालू असल्यामुळे वाहने जागच्या जागी उभी होती आणि साडेनऊला सुरू होणाऱ्या खेळाला आम्ही दहा वाजून गेल्यावर पोहोचलो. नव्या दिवसाचा पहिला तास, जेव्हा दव पुरते वाळलेले नसते आणि चेंडू थोडा हलतो, तो निम्म्याहून अधिक हुकला. म्हापसा किंवा पणजी येथून निघणाऱ्यांनी साडेसातच्या सुमारास बस धरावी. मैदान हमरस्त्याला लागून नाही, त्यामुळे लहान मुले बरोबर असल्यास आतल्या रस्त्याने चालण्याची वेळही हिशेबात धरावी.

दुसरी अडचण फाटकावर आली. तिकीट नव्हते, पण एवढी मुले एकदम पाहून पहारेकऱ्याने आम्हाला थांबवले आणि आत विचारून येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली. त्याचे काही चुकले नाही. गटाने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवून ठेवावे आणि शाळेचे किंवा वर्गाचे पत्र जवळ बाळगावे.

बसायला कोठे जावे, याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. सावली पाहून मुले लगेच एका बाजूला बसली. मी त्यांना तासाभरासाठी साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या मागे सीमेपलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या पडद्याच्या शेजारी नेले, कारण चेंडूची रेषा तेथूनच कळते. फलंदाज ऑफ स्टंपबाहेरचे किती चेंडू न खेळता सोडून देतो ते मोजा, एवढेच काम त्यांना दिले होते. पहिल्या वीस मिनिटांत सलामीच्या मुलाने सतरा चेंडू सोडले. आमच्या वर्गात एक चेंडू सोडला तरी बाकीचे ओरडतात. येथे सतरावा चेंडू सोडल्यावर गोलंदाजाचाच धीर सुटला, त्याने टप्पा पुढे टाकला आणि सरळ बॅटने चौकार गेला. त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

उपाहाराच्या थोडे आधी पाहुण्या संघाचा वेगवान गोलंदाज षटक संपवून आमच्यापासून दहा-बारा हातांवर, फाइन लेगच्या सीमारेषेपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या उजव्या बुटाचा पुढचा भाग घासून फाटला होता आणि त्यावर चामड्याचे ठिगळ दोऱ्याने शिवले होते. चेंडू टाकताना मागचा पाय जमिनीवरून ओढला जातो, त्याची ती खूण. आमचा प्रणव कितीतरी वेळ त्या बुटाकडेच पाहत राहिला. दूरदर्शनवर हे दिसत नाही, आणि मोठ्या स्टेडियममध्ये इतके जवळ कोणी बसू देत नाही.

याच मैदानावर नोव्हेंबर २०२४ मध्ये कश्यप बखले (नाबाद ३००) आणि स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली, जी रणजी करंडकातील सर्वांत मोठी आहे. हे मी मुलांना घरी न सांगता तेथे, खेळपट्टीकडे बोट दाखवून सांगितले. मडगावात जन्मलेले भारताचे फलंदाज दिलीप सरदेसाई यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील कसोटी मालिकेत ६४२ धावा केल्या, हेही सांगितले. सांगताना माझा गळा थोडा दाटून आला, कारण एवढ्याशा गोव्यातून तेथवर पोहोचणे किती अवघड आहे हे मी पंचवीस वर्षे पाहत आलो आहे.

जेवण बरोबर न्यावे. उपाहाराची विश्रांती चाळीस मिनिटांची असते आणि तेवढ्यात बाहेर जाऊन अकरा जणांची भाजी-पाव उरकत नाही. आमचा चहापानापूर्वीचा अर्धा तास त्यात गेला. पठारावर वारा असतो म्हणून ऊन जाणवत नाही, पण दुपारी दोन मुलांची डोकी दुखू लागली. प्रत्येकाला टोपी आणि दोन लिटर पाणी हवेच. खेळ साडेचारच्या सुमारास संपतो. तेव्हा कचेऱ्या सुटण्याची गर्दी सुरू होते, म्हणून चहापानानंतर तासभर पाहून निघालेले बरे.

वेळापत्रक भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. चार दिवसांचा सामना निवडणार असाल तर पहिल्या दोन दिवसांपैकी एक धरावा, कारण चौथ्या दिवसापर्यंत सामना टिकेलच असे नाही. आमच्या वर्गात तीन मुलीही आहेत आणि त्या या वेळी परीक्षेमुळे येऊ शकल्या नाहीत. मुलींचा युवा विश्वचषक २०२३ आणि २०२५ असा दोन्ही वेळा भारताने जिंकला आहे, त्यामुळे पुढची सहल त्यांच्या वयोगटाच्या सामन्याला न्यायची, असे परतीच्या बसमध्येच ठरले आहे.