तू कोणाचा रे?

कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला की मला उगाच अपराधी वाटतं. मी काहीच करत नसतो. त्या दिवशी एक पत्र टाइप करायला बसलो होतो आणि पहिल्याच ओळीशी अडलो होतो. हा मात्र डोंगर चढून आल्यासारखा धापा टाकत होता. शेवटी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि टास्क मॅनेजर उघडला.

टास्क मॅनेजर म्हणजे आत कोण कोण राहतंय त्याचं हजेरीपत्रक. विंडोजमध्ये ते १९९६ पासून, एनटी ४.० पासून आहे, पण मी ते वर्षाकाठी एखाद्या वेळी बघतो. कॉम्प्युटर आपल्या एकट्याचा आहे असा समज असणाऱ्याने तर बघूच नये. मी उघडलेली खिडकी एक, आणि यादीतली नावं दीडशेच्या वर. त्यातली बरीचशी चेहऱ्याने ओळखीची. काय काम करतात ठाऊक नाही, पण वर्षानुवर्षं दिसतात म्हणून आपली. एक मात्र कधी पाहिलेलं आठवेना. तीन अक्षरं आणि पुढे 'अपडेटर'. प्रोसेसरचा पाव हिस्सा हा एकटाच खात बसला होता.

अपडेटर ही जमातच अशी. त्याला कोणी बोलावत नाही, तो कुणाच्या तरी सोबत येतो. आपण एखादं सॉफ्टवेअर घेतो, ते आपलं काम करतं आणि त्याचा हा गडी मागच्या दाराशी बसून राहतो. अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारून यायचं, 'नवीन काही आलंय का?', एवढीच त्याची चाकरी. चाकरी खोटी नाही. सॉफ्टवेअरला भोकं असतात आणि ती बुजवावी लागतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने २००३ च्या ऑक्टोबरपासून त्यासाठी महिन्यातला दुसरा मंगळवार लावून घेतलाय. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बहुतेकांची देखभाल पॅकेज मॅनेजर नावाचा एकच कारभारी बघतो. विंडोजवर वर्षानुवर्षं तशी सोय नव्हती, म्हणून ज्याने त्याने आपापला माणूस ठेवला. आणि त्यांची नावं तरी काय! अडोबीचा 'आर्म' हे नाव वाचून कोणी हत्यारबंद इसम घरात शिरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती 'अडोबी रीडर अँड अ‍ॅक्रोबॅट मॅनेजर' या लांबलचक नावाची आद्याक्षरं. जावाचा 'जेयूशेड' म्हणजे जावा अपडेट शेड्यूलर. नामकरणाच्या वेळी आपल्याला कोणी विचारलं नव्हतं, हे लगेच कळतं.

"बाबा, एंड टास्क कर आणि सोड ना," मुलगी म्हणाली. केलं. पंखा शांत झाला. मी पत्राची ती ओळ पुन्हा वाचतोय तोवर स्वारी परत हजर. हा साधा प्रोग्रॅम नव्हता, सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे सतत राबणारा म्हणून, नोंदवलेला होता. सर्व्हिस पडली तर ती पुन्हा उभी करायची, असं विंडोजला आधीच सांगून ठेवता येतं. म्हणजे मी त्याला बाहेर काढत होतो आणि विंडोज अदबीने आत घेत होतं.

मग रीतसर चौकशीला बसलो. नावावर जाण्यात अर्थ नव्हता, नाव कोणीही कसलंही लावतो. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचं घरचं माणूस, तर दोन अक्षरांची अदलाबदल करून 'एससीव्हीहोस्ट' या नावाने भामटे वावरून गेलेत. त्यापेक्षा पत्ता विचारावा. नावावर राइट क्लिक, मग 'ओपन फाइल लोकेशन'. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरात राहतो. तेच नाव टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातून निघालं तर घाबरायला हरकत नाही. आमच्या पाहुण्याचा मुक्काम प्रोग्रॅम फाइल्समध्ये होता. तिथे बिऱ्हाड करायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते आणि या घरचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मी. म्हणजे कधीतरी, घाईत, न वाचता, 'येस' मीच म्हटलं असणार. पंखा उगाच घरघरत नव्हता तर.

पत्त्यानंतर सही. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा एक टॅब असतो. ही फाइल आम्हीच बनवली आणि नंतर तिच्यात कोणी हात घातलेला नाही, अशी ती कंपनीची हमी. आता सहीचंही काही खरं नाही म्हणा. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत कोणीतरी विष कालवलं होतं आणि फाइलवर सही अगदी अस्सल होती. फाइल तयार व्हायच्या आधीच चोर स्वयंपाकघरात शिरला होता. त्याच वर्षी युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला आणि जगभरच्या कंपन्या बंद पाडून गेला. हे सगळं नेमकं त्याच क्षणी आठवलं, म्हणून मी फाइलचा ठसाही काढला. एसएचए-२५६ हा तो ठसा, चौसष्ट अक्षरांचा. तो व्हायरसटोटलवर टाकला. तिथे डझनावारी अँटिव्हायरस एकाच फाइलकडे बघतात. कोणीच हरकत घेतली नाही.

सहीत कंपनीचं नाव होतं. ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकलो. आमच्या जुन्या प्रिंटरची कंपनी. तो प्रिंटर घरातून जाऊन चार वर्षं झाली. कागद अडकवायचा, रंग उधळायचा, शेवटी आवाजही करेनासा झाला, आणि आम्ही त्याला निरोप दिला. तारा काढल्या, टेबल पुसलं. त्याचा माणूस आत राहिलाय, हे कुणाच्या मनात आलं नाही.

फोल्डरात एक लॉग फाइल होती. अशा फाइली कोणी वाचत नाही. मी पत्र लिहायचं टाळत होतो, म्हणून वाचली. रोज एक नोंद. सर्व्हरशी संपर्क झाला. उपकरण सापडलं नाही. नवी आवृत्ती नाही. दुसऱ्या दिवशी तेच. कॉम्प्युटर बंद होता ते दिवस कोरे, बाकी खाडा नाही. रोज उठायचं, नसलेल्या प्रिंटरला हाक मारायची, उत्तर आलं नाही हे लिहून ठेवायचं आणि झोपायचं. चार वर्षं. एवढ्या नेमाने मी आयुष्यात कधी डायरी लिहिलेली नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र ओळी बदलल्या होत्या. संपर्क झाला नाही, पुन्हा प्रयत्न. संपर्क झाला नाही, पुन्हा प्रयत्न. पानंच्या पानं. कंपनीने तो सर्व्हर बंद केला असावा आणि किती वेळा हाक मारून थांबायचं, हे याला कोणी शिकवलेलं नसावं. पंख्याची घरघर त्यापायी.

कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल केलं. 'आपण आम्हाला का सोडून जात आहात?' असं विचारणारी एक खिडकी उघडली, पर्यायांत 'प्रिंटर नाही' हे कारण नव्हतं. 'इतर'वर खूण केली.

परवा सहज टास्क शेड्यूलर उघडला, तर त्याला रोज उठवणारी नोंद तिथे तशीच. विंडोज ठरल्या वेळी त्याला उठवायला जातं आणि शेवटच्या रकान्यात निकाल लिहून ठेवतं : फाइल सापडली नाही. नोंद पुसायला एक क्लिक पुरे. "अजून ठेवलीस?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, पत्र पुरं होऊ दे.