मगर तोंड का उघडत नाही?

पुण्याजवळच्या एका थीम पार्कमध्ये मी गेस्ट रिलेशन्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी वार्षिक पासवाल्यांना गाठून विचारायचं काम आमच्याकडे असतं: पास पुन्हा काढणार का, आणि नसाल काढणार तर का? उत्तर बहुतेक वेळा एकच. "तेच तेच आहे हो. नवीन काय आणलंत?" ऑफिसात त्याचा अर्थ लागतो तो नवी राइड आणा. पण मोठी राइड म्हणजे कोट्यवधींचा खर्च, पाया, चाचण्या, परवानग्या. ती दरवर्षी कुणालाच झेपत नाही. खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधलं नायट्रो रोलर कोस्टर २०१३ सालचं आहे आणि पुण्यातली पोरं अजून त्याच्यासाठी घाट उतरून जातात.

त्या दिवशी कोथरूडचे एक आजोबा आणि त्यांची चौथीतली नात माझ्यासमोर बसले होते. दोघंही नेहमीचे. आजोबा म्हणाले, "पास काढू की नको, ते हिलाच विचारा." मी विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, मगर आता तोंड उघडत नाही."

आमच्याकडे अंधाऱ्या गुहेतून जाणारी बोटीची राइड आहे. मुलीने बोट जाते त्याच क्रमाने बंद पडलेल्या गोष्टी सांगितल्या. पहिल्या वळणावरचं घुबड मान वळवत नाही. वटवाघळांच्या डोळ्यांतले दिवे एकाच बाजूचे लागतात. धबधब्याआधी धुकं यायचं, ते येत नाही. आणि मगर. मी त्या दोघांबरोबर बोटीत बसले. अंधारात ती माझा हात धरून दाखवत होती, "इथे. आता इथे." एकही गोष्ट चुकीची निघाली नाही.

तिथून मी तडक वर्कशॉपमध्ये गेले. मेंटेनन्सच्या मामांना सगळं माहीत होतं. मगरीचा जबडा दाबाच्या हवेवर चालतो. पावसाळ्यात हवेच्या लाइनमध्ये पाणी साठतं, ते व्हॉल्व्हपर्यंत गेलं की व्हॉल्व्ह चिकटतो. "काम तासाभराचं आहे मॅडम, पण सकाळी आधी मांडीवरचे लॅप बार, ब्रेक, सेन्सर, इमर्जन्सी स्टॉप. मगर बंद असली तरी राइड चालते ना." त्यांचं बरोबरच होतं. सुरक्षेच्या तपासणीत मला तसूभरही ढिलाई नको आहे. पण जे बंद पडल्याने राइड थांबत नाही, त्याच्याकडे बघणारं कुणीच नाही, हे मला फार लागलं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, मगर अशीच असते. जो परत परत येतो त्यालाच कळतं की काहीतरी गेलंय.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या राइडमधला अवाढव्य यती, म्हणजे हिममानवाचा हलता पुतळा, २००६ मध्ये राइड सुरू झाल्यावर थोड्याच काळात हलायचा थांबला. तेव्हापासून तो हलतोय असं वाटावं म्हणून त्याच्यावर लुकलुकते दिवे सोडतात. तिथले नेहमीचे लोक त्याला डिस्को यती म्हणतात आणि इतक्या वर्षांनीही त्याचा विषय सोडत नाहीत. त्याच डिस्नेची स्टार टूर्स ही पडद्यावरच्या अंतराळ सफरीची राइड २०११ मध्ये नव्याने सुरू झाली, तेव्हा तिच्यातले प्रसंग दर फेरीला बदलतील अशी सोय केली. खुर्ची तीच, पण पुढे काय येणार ते नेहमीच्या माणसालाही सांगता येत नाही. आपल्या दगडूशेठ गणपतीचंच बघा ना. मूर्ती तीच, सजावट दरवर्षी वेगळी, आणि अख्खं पुणं दरवर्षी रांगेत. नवेपणाला दरवेळी नवी राइडच लागते, असं मला म्हणूनच पटत नाही.

मामांनी दुपारी लाइनमधलं पाणी काढलं, व्हॉल्व्ह साफ केला. संध्याकाळी आम्ही पुन्हा बोटीत. जबडा उघडला तशी मुलीने आजोबांची बाही घट्ट पकडली, पण बाहेर आल्यावर तिचा चेहरा विचारात पडलेला. "पूर्वी आधी आवाज यायचा, मग तोंड उघडायचं. आता दोन्ही एकदम होतं." मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग कंट्रोल रूममध्ये जाऊन त्यांनी टायमिंग तपासलं. मुलगी बरोबर होती.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. नव्या राइडचा विचार थांबवा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण आता दर सोमवारी गेट उघडण्याआधी एक जण पाहुण्यासारखा बोटीत बसून पूर्ण फेरी मारतो आणि काय बंद आहे ते लिहून आणतो. दिवाळीपासून गुहेतले आवाज आणि दिवे आलटूनपालटून लावायचंही मान्य झालं आहे. वटवाघळांचे डोळे लागले, धुकं सुरू झालं. घुबडाची मोटर जळलेली निघाली, ती रिवाइंडिंगला दिली आहे. आजोबांना मी फोन करून तसं कळवलं. त्यांनी पास काढला आहे.