नोडचे अ‍ॅप्लिकेशन बॅकग्राउंडला अखंड चालू ठेवताना

सांगलीत पावसाळा सुरू झाला की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी हा घराघरांतला विषय होतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. ही पातळी आणि कोयनेचा विसर्ग एकत्र दाखवणारे एक लहान अ‍ॅप्लिकेशन मी आमच्या गल्लीसाठी नोड जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) लिहिले असून ते भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालते. त्याची गरज नेमकी अपरात्री भासते, म्हणून त्याने कोणाच्याही देखरेखीविना चालू राहिले पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे.

टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्रॅम त्या टर्मिनलच्या सत्राशी बांधलेला असतो. सत्र तुटले की त्याला ‘सिगहप’ हा सिग्नल मिळतो आणि तो बंद पडतो. ‘नोहप’ ही आज्ञा वापरल्यास हा सिग्नल दुर्लक्षिला जातो आणि टीमक्स या साधनात जोडणी तुटली तरी सत्रच जिवंत राहते. परंतु प्रोग्रॅम स्वतःच्या चुकीने कोसळला किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर या दोन्हींपैकी एकही त्याला पुन्हा उभे करत नाही. पीएम-टू हे नोडचे प्रोग्रॅम सांभाळणारे साधन कोसळलेल्या प्रोग्रॅमला पुन्हा उभे करते, पण सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर पीएम-टूला कोण उठवणार, हा प्रश्न उरतोच; त्यासाठी त्याची ‘स्टार्टअप’ आज्ञा बहुतेक लिनक्सवर शेवटी सिस्टमडीचाच, म्हणजे लिनक्स सुरू होताना सेवा उभ्या करून त्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेचाच, आधार घेते. एका सर्व्हरवर एकच अ‍ॅप्लिकेशन असेल, तर थेट सिस्टमडी वापरणे मला अधिक योग्य वाटते.

त्यासाठी लागणारी युनिट फाइल, म्हणजे सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल, दहा-बारा ओळींची असते. तीत नोडचा पूर्ण पाथ द्यावा, कारण एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या बसवणारे साधन) बसवलेले नोड वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये असते आणि आपल्या शेलमधील पाथची मांडणी सिस्टमडी वाचत नाही. अ‍ॅप्लिकेशन रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवू नये. त्यासाठी वेगळा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता करावा, आणि ८० किंवा ४४३ या वेबच्या नेहमीच्या पोर्टवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून मागणी आतल्या पोर्टकडे वळवावी. ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ हे मूल्य दिले की कोसळलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतो.

इथे एक बारकावा आहे. पुन्हा सुरू करण्यापूर्वीची मुळातली प्रतीक्षा केवळ १०० मिलिसेकंदांची असते, आणि १० सेकंदांत पाचपेक्षा अधिक वेळा सुरू होण्याची वेळ आली की सिस्टमडी प्रयत्नच सोडून देते. डेटाबेस उठायला थोडा उशीर झाला, तरी तेवढ्या वेळात हे पाचही प्रयत्न संपून जातात आणि अ‍ॅप्लिकेशन कायमचे बंद राहते. म्हणून ही प्रतीक्षा ठरवणारे ‘रीस्टार्टसेक’ निदान पाच सेकंद ठेवावे.

न पकडलेली चूक कशीबशी गिळून प्रोग्रॅम पुढे रेटण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो मार्ग धोक्याचा वाटतो. अशा चुकीनंतर प्रोग्रॅमच्या आतली स्थिती विश्वासार्ह राहत नाही, आणि पाण्याची जुनी पातळी ताजी म्हणून दाखवणारे पान बंद पानापेक्षा जास्त घातक असते. नोडच्या १५व्या आवृत्तीपासून न हाताळलेले प्रॉमिस रिजेक्शनही (मागाहून पूर्ण होणाऱ्या कामाचे अपयश) प्रोग्रॅम थांबवते, आणि तेच योग्य आहे: चूक नोंदवावी, बाहेर पडावे, पुन्हा उभे करण्याचे काम सिस्टमडीवर सोडावे. ती नोंद ‘जर्नलसीटीएल’ या सिस्टमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने सापडते.

थांबवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. सिस्टमडी प्रथम ‘सिगटर्म’ हा थांबण्याची विनंती करणारा सिग्नल पाठवते आणि साधारणपणे ९० सेकंद वाट पाहून मग सक्तीने बंद करणारा ‘सिगकिल’ देते. त्या अवधीत नव्या मागण्या घेणे थांबवून, हाती असलेल्या पूर्ण करून आणि डेटाबेसची जोडणी बंद करून बाहेर पडण्याची व्यवस्था कोडमध्येच करावी.

शेवटी, सर्व्हर सुरू होताना सेवाही आपोआप सुरू व्हावी यासाठी, ‘एनेबल’ ही आज्ञा द्यायला विसरू नये, कारण ‘स्टार्ट’ने सेवा फक्त आत्तापुरती सुरू होते. त्यानंतर जून उजाडण्याआधीच सर्व्हर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करावा आणि लॉगिन न करता मोबाइलवरून पान उघडते का, ते पाहावे.