दोन थरांची डीव्हीडी एका थरात: आतापर्यंतची प्रगती

पहिल्या खेपेतल्या डिस्कांचं चित्र एन्कोड होऊन तयार आहे, आता ऑथरिंग, म्हणजे चित्र, आवाज आणि मेनू जोडून डिस्कची रचना बांधणं, चालू आहे. माझ्याच मालकीच्या, कुलूप नसलेल्या दोन थरांच्या, म्हणजे ८.५ जीबीच्या डीव्हीडी ४.७ जीबीच्या एका थरात बसवायच्या. मेनू, चॅप्टर, सबटायटल सगळं मूळ डिस्कवर चालतं तसंच चाललं पाहिजे. एकच मोठी फाइल करून हार्ड डिस्कवर ठेवणं सोपं, आणि तेही मी करतो. पण प्लेयरमध्ये घातल्याबरोबर आपल्या मेनूसह उघडणारी डिस्क मला हवी असते. त्यासाठी एमपीईजी-२च्या, म्हणजे डीव्हीडीवरचं चित्र आवळण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, मर्यादेत राहून चित्र वाचवणं हा या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

हिशेब कडक आहे. दीडशे मिनिटांचा चित्रपट म्हणजे ९,००० सेकंद. ४.७ जीबी इतक्या सेकंदांत वाटले की सेकंदाला जेमतेम ४.१८ मेगाबिट हातात येतात. ४४८ किलोबिटचा डॉल्बी आवाज बाजूला काढला, मेनू, सबटायटल आणि मक्सिंगचा (चित्र-आवाज एकत्र गुंफण्याचा) खर्च वजा केला, की चित्राला साडेतीनच्या आसपास उरतात. मूळ डिस्कवर हेच चित्र सातच्या जवळपास धावतं. एवढी मोठी काटछाट असेल तेव्हा चित्र पूर्ण डीकोड न करता नुसते त्यातले आकडे आवळणारी झटपट साधनं मी वापरत नाही. त्यांनी केलेली चूक एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये साठत जाते आणि हलत्या दृश्यात चौकोन दिसू लागतात. म्हणून एव्हीआयसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या साधनातून फ्रेम काढून एचसीएन्क या एन्कोडरला द्यायच्या, दोन पास (एकदा चित्र पाहून घ्यायला, एकदा लिहायला), बदलता बिटरेट.

या खेपेत सर्वांत जास्त वेळ एन्कोडरवर गेला नाही, मूळ चित्र वाचण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला. चित्रपटाची डिस्क पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची. कुठेही पॉज केली तरी हलणाऱ्या कडांवर कंगव्यासारखे दाते. पाहताक्षणी वाटतं की हे इंटरलेस आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक रेषांची, दोन वेगळ्या क्षणांची दोन अर्धी चित्रं आहेत; लावा दाते पुसणारा डीइंटरलेसर. पण फील्ड, म्हणजे ही अर्धी चित्रं, सुटी करून एकेक पुढे सरकवली तेव्हा दिसलं की प्रत्येक दोन फील्डमध्ये हालचाल एकदाच होते. म्हणजे चित्र मुळात प्रोग्रेसिव्हच (अख्खी फ्रेम एकाच क्षणाची), फक्त एका फील्डने सरकलेलं: एका फ्रेमचं वरचं फील्ड दुसऱ्या फ्रेमच्या खालच्या फील्डशी जोडलं गेलंय. इथे डीइंटरलेसर लावला तर रेषा पुसल्या जातात आणि बारकावा कायमचा जातो. टीएफएम या फिल्टरने फील्डच्या जोड्या पुन्हा जुळवल्या, दाते गेले, एकही रेषा वाया गेली नाही. शिवाय हे चित्र आता प्रोग्रेसिव्ह म्हणून, झिगझॅग स्कॅनने (आकडे लिहिण्याचा अशा चित्राला सोयीचा क्रम) एन्कोड होतं, आणि साडेतीन मेगाबिटमध्ये हा फरक डोळ्यांना कळतो.

मैफलीच्या डिस्कचं नेमकं उलट. तिथे सेकंदाला ५० फील्ड आणि प्रत्येकात नवी हालचाल. तबल्यावरची बोटं त्या पन्नासांमुळेच सळसळती दिसतात, म्हणून ती इंटरलेसच ठेवली, अल्टरनेट स्कॅन (इंटरलेसला सोयीचा क्रम), फील्डचा क्रम मूळचाच. ही नव्वद मिनिटांचीच आहे, त्यामुळे १,५३६ किलोबिटचा एलपीसीएम, म्हणजे न आवळलेला, आवाज तसाच ठेवता आला. जागेसाठी डॉल्बीचा ट्रॅक काढला. संगीतात माझी पसंती नेहमी हीच राहील.

मॅट्रिक्सबद्दल, म्हणजे कोणता बारकावा किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यांबद्दल, माझं मत आता पक्कं झालंय. बारकावा राखणारी सपाट मॅट्रिक्स पाच-सहा मेगाबिटच्या वर सुंदर दिसतात. साडेतीनला मात्र अंधाऱ्या भिंती आणि आकाश फुटतं, तिथे नेहमीची एमपीईजी मॅट्रिक्सच बरी. फिल्मचा दाणा बिट खातो हे खरं, तरी तो पूर्ण घासून काढला की चेहरे मेणाचे होतात. अगदी हलका टेम्पोरल डीनॉइज (लागोपाठच्या फ्रेम ताडून दाणा कमी करणं), त्याहून जास्त नाही. शेवटच्या श्रेयनामावलीचे बिट मी बिनधास्त कमी केले.

ऑथरिंगमध्ये सगळी गुंतागुंत पत्त्यांची. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर २,०४८ बाइटचा, आणि आयएफओ फायली (मेनू-चॅप्टरची माहिती ठेवणाऱ्या) व नॅव्ह पॅक (चित्राच्या प्रवाहातच पेरलेल्या वाटाड्या नोंदी) हे सेक्टरचे क्रमांक धरूनच उडी मारतात. चित्र लहान झालं की सगळे क्रमांक बदलतात. ते डीव्हीडी रिबिल्डर हा प्रोग्रॅम नव्याने लिहितो. चॅप्टरच्या जागी आय-फ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर न टेकणारी, स्वतःच पूर्ण असलेली फ्रेम) सक्तीने टाकावी लागते, नाहीतर चॅप्टर नेमक्या फ्रेमवर सुरू होत नाही. मेनू नीट उघडतो, चॅप्टर बरोबर जागी उतरतात. सध्या काम अडलंय ते सबटायटलच्या रंगावर: प्रत्येक सबटायटल चारच रंग वापरतं आणि ते आयएफओमधल्या १६ रंगांच्या पॅलेटमधून येतात. एका टायटलचं पॅलेट मूळ डिस्कशी जुळत नाही, म्हणून पांढरी अक्षरं हिरवी दिसतात. डीव्हीडीची रचना दुरुस्त करणाऱ्या पीजीसीएडिटमध्ये उघडून मूळचे १६ रंग तिथे भरतोय.

ते झालं की आधी आरडब्ल्यू, म्हणजे पुन्हा लिहिता येणाऱ्या, डिस्कवर बर्न करून प्लेयरमध्ये तपासणार, मग कायमची डिस्क आणि चेकसम जुळवणी (लिहिलेलं तंतोतंत आहे का ते पाहणं). अनेक अँगलची, म्हणजे एकच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून दाखवणारी, डिस्क पुढच्या खेपेला ठेवली आहे. तिथे अँगलचे तुकडे आलटून-पालटून लिहिलेले असतात, त्यामुळे सगळ्या अँगलचे जीओपी (आय-फ्रेमपासून सुरू होणारे फ्रेमचे गट) एकाच लांबीचे हवेत. म्हणजे दृश्य बदललं म्हणून मध्येच आय-फ्रेम टाकण्याची एन्कोडरची मुभा तिथे बंद करावी लागेल.